राजकन्येची पाठ

आबा कुठल्याही नव्या ठिकाणी गेले की आधी उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटून बघायचे आणि मग नाक किंचित वर करून निकाल द्यायचे, "बरी आहे. पडायला हरकत नाही." लेकीच्या घरातला गालिचा त्यांनी असाच पास केला होता. विमानतळाची फरशी मात्र नापास झाली होती. "दात जातील," म्हणाले होते. माणसं नव्या घरात गेली की खिडक्या उघडून बघतात, नळ सोडून बघतात. हे गृहस्थ पडायची सोय कशी आहे ते बघत.

मी त्यांना भेटले तीसुद्धा पडूनच. ऐंशीच्या दशकात मी नागपूरहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेजला मातीचा अभ्यास करायला गेले होते. स्टेट कॉलेज हे गावाचं नाव आहे, कॉलेजचं नाही, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही तिघी जणी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात एक मराठी कुटुंब होतं. मावशी लायब्ररीत काम करायच्या आणि काका प्राध्यापक होते, नेहमी कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्सला गेलेले. पहिल्याच हिवाळ्यात मी कॅम्पसच्या बसमधून उतरले, बर्फावरून सटकले आणि हातातल्या पिशवीसकट त्यांच्या दारासमोर सपशेल आडवी झाले. समोर एक म्हातारा उभा होता, मावशींचे वडील. डोक्याला मफलर, धोतराखाली जाड लोकरी मोजे, वर जावयाचा ढगळ ओव्हरकोट. मला वाटलं, आता हात देतील.

"चुकीची पडलीस की गं," ते म्हणाले.

मी पडल्या पडल्याच पिशवी ओढून जवळ घेतली.

"हात पुढं कशाला केलास? हात पुढं करणाऱ्याचं मनगट जातं. ऊठ, आणि नीट पड बघू."

त्या हिवाळ्यात मी पडायला शिकले. तुम्हाला हसू येईल, पण शिकवणी अगदी शिस्तीत चालायची. मावशी कामावर गेल्या की आम्ही पुढच्या अंगणात जायचो. हनुवटी छातीला लावायची, अंग गोळा करायचं, खांद्यावरून लोळण घ्यायची. "अंग सैल सोड! दगडासारखी काय पडतीस? पोत्यासारखी पड!" समोरच्या घरातली एकटी राहणारी अमेरिकन म्हातारी पडदा सरकवून आमच्याकडे बघत बसायची. आबांना इंग्रजीचा गंध नव्हता आणि तिला मराठीचा. पण तिला बघितलं की आबा छातीवर हात ठेवून, मान तिरपी करून असा काही नमस्कार करायचे की ती काचेआड लाजायची. खुणांनीच त्यांचं सगळं चालायचं. एकदा सुपरमार्केटमध्ये अंडी मागायला म्हणून ते उकिडवे बसले आणि चेहऱ्यावर कोंबडीचे सगळे भाव आणून दाखवले. अंडी मिळाली, वर दुकानातल्या मुलीनं टाळ्याही वाजवल्या.

एक दिवस मी विचारलं, "आबा, हे पडण्याचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. त्या बर्फात मराठी समजणारं कोण असणार होतं? तरी आवाज खाली आणून म्हणाले, "लेकीला सांगणार नाहीस ना?"

"नाही."

"मी राजकन्या होतो."

मग सगळं बाहेर आलं. आबा मूळचे कोल्हापूरचे, तालमीतले. मल्लखांबावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेव्हा मूकपटांचे दिवस होते आणि गावात चित्रं निघायची. नायिकेला कड्यावरून उडी मारायची असे, धावत्या घोड्यावरून पडायचं असे, जळत्या वाड्यातून बाहेर यायचं असे. हे ती कुठून करणार? मग तालमीतलं एखादं सडपातळ पोर धरून आणायचे आणि त्याला नऊवारी नेसवायचे. ते पोर म्हणजे आबा.

"तोंड तिचं, पाठ माझी," आबा म्हणाले. "लोकांनी जी राजकन्या बघितली ती पुढून एक होती, मागून एक होती. कड्यावर उभी राहून रडायची ती. खाली यायचो ते मी."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. खाली यायला लागलो की तोंडातून अशा शिव्या निघायच्या! राजकन्या शिव्या देत खाली येतीया, पण ऐकतंय कोण? मूकपट तो."

घोड्यांची गोष्ट सांगताना तर त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही. शूटिंगला घोडे असायचे ते टांग्याचे. एकदा पाठलागाचा प्रसंग होता. पुढे राजकन्येच्या वेशात आबा, मागे दरोडेखोर, दोघंही भरधाव. रस्त्याला वळण आलं तसे दोन्ही घोडे सवयीनं टांगा स्टँडकडे वळले आणि तिथं जाऊन गपगार उभे राहिले. "राजकन्या आणि दरोडेखोर, दोघंही सवारीची वाट बघत! एक म्हातारी येऊन मला विचारती, बाई, रंकाळ्याला किती घेणार?"

पुढे बोलपट आले आणि आबा एका हायस्कुलात कवायतीचे मास्तर झाले. तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. "मास्तरानं लुगडं नेसलं होतं म्हटल्यावर पोरं कवायत करतील का?" मावशींना वडील म्हणून जो माणूस ठाऊक होता तो हातात शिट्टी धरणारा, कडक आणि कमी बोलणारा होता. त्यांच्या आई जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एकट्या वडिलांना त्यांनी हट्टानं इकडे आणलं होतं, पण दोघांत बोलणं असं फारसं नव्हतंच. सकाळी "आबा, डबा मायक्रोवेव्हमध्ये आहे," आणि संध्याकाळी "आबा, जेवलात का?" एवढंच.

एका शनिवारी दुपारी कॅम्पसवर जुन्या मूकपटाचा खेळ होता. कोपऱ्यात एक जण पियानो वाजवत होता. मी आबांना घेऊन गेले. पडद्यावर नायक गच्चीच्या कठड्याला लोंबकळत होता आणि सगळं सभागृह हसत होतं. आबा हसत नव्हते. माझं मनगट घट्ट धरून ते पुढे वाकून बसले होते. मग रस्त्यावरच्या गर्दीत कुणीतरी एक गाडीवान चालत्या गाडीवरून मागच्या मागे पडला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तो पडद्यावरून गेलाही. आबा ताडकन उभे राहिले आणि एकटेच टाळ्या वाजवायला लागले. लोक माना वळवून बघायला लागले.

"कोण होता तो?" मी कुजबुजले.

"मला काय ठाऊक? कुणालाच ठाऊक नसणार," ते म्हणाले, आणि टाळ्या वाजवतच राहिले.

हिवाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. दिवसा वितळलेल्या बर्फाची रात्रीतून काच व्हायची. सकाळी आबा बर्फ विरघळावा म्हणून दारापुढे मीठ टाकत होते. समोरची म्हातारी पेपर उचलायला बाहेर आली आणि वरच्या पायरीवरून तिचा पाय सुटला. मी आमच्या दारातून बघत होते. आबा रस्ता ओलांडून कधी पोचले ते मला कळलंच नाही. ते तिच्या खाली गेले, तिला कवेत घेतली आणि दोघं मिळून पायऱ्यांवरून लोळत खाली आली. म्हातारीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आबा मात्र उठेनात.

"कुठं लागलं, आबा?"

"बाईसाहेबांना विचार आधी," ते दात आवळून म्हणाले.

अँब्युलन्समध्ये दुभाषी म्हणून मी बसले. मावशी लायब्ररीतून धापा टाकत हॉस्पिटलमध्ये आल्या. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. तरुण डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "हे गृहस्थ युद्धावर होते का?"

"नाही. शाळेत शिक्षक होते," मावशी म्हणाल्या.

"कसली शाळा?" डॉक्टर म्हणाला. त्यानं बोटानं दाखवलं. बरगड्या कधीतरी मोडून जुळलेल्या. दंडाचं हाड जुळलेलं. दुसऱ्या खांद्याचंही तेच.

डॉक्टर गेल्यावर मावशी पलंगाजवळ आल्या. "आबा, हे काय आहे?"

 आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग गं."

मी सांगितलं. कड्यावरची उडी सांगितली, आग सांगितली, घोडे सांगितले.  माझं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे हिला माहीत आहे. आणि मला नाही. तुमची मुलगी मी आहे की ही?"

 मी खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाले.

"आणि आईला? आईपासूनही लपवलंत?"

"तिच्यापासून कसं लपवणार?" आबा म्हणाले. "तीच तर नेसवायची."

मावशींनी स्टूल पलंगाजवळ ओढून घेतलं.

"नवीन लग्न झालेलं आमचं. चित्रपट कंपनीतला माणूस नेसवायचा ते लुगडं उडी मारली की सुटायचं. ही म्हणाली, बायकांचं काम बायकांना करू द्या. पहाटे उठून मला नेसवायची. काष्टा असा ओढायची की श्वास अडकायचा. म्हणायची, लुगडं सुटलं तर तसंच घरी येऊ नका. एकदाच आली होती चित्र बघायला, तंबूत. मी पडद्यावर कड्यावरून उडी मारली तशी ही उठून उभी राहिली आणि ओरडली, अहो, जपून! शेजारची बाई विचारती, ती राजकन्या तुझी कोण गं? तर ही म्हणती, नवरा."

मावशी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा हाताचा पंजा लावला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

घरी आल्यावरही त्या दोन दिवस घुम्यासारख्या होत्या. आबा मला खुणेनं विचारायचे, वादळ गेलं का? मी खुणेनं सांगायचे, नाही. मग रविवारी मावशींनी मला हाक मारली. सोफ्यावर मलमलीत गुंडाळलेलं एक हिरवं नऊवारी ठेवलं होतं, त्यांच्या आईचं. आई गेल्यावर त्या ते इकडे घेऊन आल्या होत्या, पण कधी नेसल्या नव्हत्या, कारण येतच नव्हतं.

"आबा, आई कशी नेसवायची ते सांगा," त्या म्हणाल्या.

आबांचा हात गळ्यात बांधलेला. ते आरामखुर्चीत बसून हुकूम सोडू लागले. मावशींनी पॅंटवरच लुगडं गुंडाळलं आणि खोचाखोचीला मी. "गाठ आणखी वर. हां. निऱ्या सारख्या कर. आता काष्टा मागं घे. ओढ! अगं, जोर काढ की, नागपूरची ना तू? पदर कमरेला." अर्धा तास आम्ही झटत होतो. शेवटी मावशी सरळ उभ्या राहिल्या. चष्मा, छोटे कापलेले केस आणि आईचं हिरवं लुगडं.

आबांनी त्यांना नीट बघून घेतलं.  मग म्हणाले, "आता सोफ्यावर चढ."

"काय?"

"चढ, आणि उडी मार. त्याशिवाय कळणार कसं?"

मला वाटलं, मावशी रागावणार. त्या सोफ्यावर चढल्या. लायब्ररीत लोकांना हळू बोला म्हणून सांगणाऱ्या त्या बाईंनी डोळे मिटले आणि "आई गं!" करून उडी मारली. टीव्हीशेजारची कुंडी कलंडली. निरी एक हलली नाही. आबा मांडीवर एकाच हातानं थापा मारून शाबासकी देत होते, आणि मावशी गालिच्यावर बसून लहान मुलीसारख्या विचारत होत्या, "आबा, परत एकदा मारू?"

त्यानंतर त्या घरातून बोलण्याचे आवाज यायला लागले. आम्हाला भिंतीपलीकडे अभ्यास सुचेना, एवढे.

पुढच्या वर्षी आबा कोल्हापूरला परतले आणि तिथंच गेले. मावशींनी फोन करून कळवलं. पण त्याआधीच माझा अभ्यास संपून मला नोकरी लागली होती, दूर पश्चिम किनाऱ्याकडे, त्यामुळे आमचा निरोप आधीच झाला होता. सकाळची बस होती. मावशी आणि आबा पोचवायला आले; आबांचा खांदा एव्हाना बरा झाला होता. मावशींनी दशम्या दिल्या, मी दोघांच्या पाया पडले. आबा काहीच बोलले नाहीत. मला वाईट वाटलं. एवढं शिकवलं आणि जाताना साधं "सांभाळून राहा"सुद्धा नाही?

बस सुटली. मी खिडकीतून हात हलवला. आबा हिरवळीवर दोन पावलं पुढे आले. अचानक त्यांनी दोन्ही हातांनी छाती धरली, एक गिरकी घेतली आणि बंदुकीची गोळी लागल्यासारखे मागच्या मागे कोसळले. बसमधली एक बाई किंचाळली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सगळे प्रवासी माझ्या बाजूच्या खिडक्यांकडे धावले.

मावशी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. कमरेवर हात ठेवून त्या हसत उभ्या होत्या. आबा सावकाश उठले, धोतराला चिकटलेलं गवत झटकलं, मफलर नीट केला आणि बसमधल्या सगळ्या लोकांना कमरेत वाकून नमस्कार केला.

बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं माझ्याकडे वळून विचारलं, "कोण आहे हा माणूस?"

राजकन्या सांगावं की कवायतीचे मास्तर, हे मी ठरवत होते. तोवर तो गालातल्या गालात हसत पुन्हा समोर वळला होता आणि त्यानं गिअर टाकला.