नानांचं अळणी वरण

माझे वडील तोताराम नाना पारोळ्याहून अमळनेरच्या सरकी काढायच्या जिनात कपाशीच्या गाड्या न्यायचे. नाल्यात चाक रुतलं तर बैलांवर ओरडायचे नाहीत, खाली उतरून स्वतः खांदा लावायचे. तेच नाना पासष्टीला आले आणि ओट्याची पायरी चढताना त्यांना दम लागू लागला. पाय सुजले, तर मी मूर्ख गावभर सांगत सुटलो, की घरचं दूध-तूप नानांच्या अंगी लागलं!

१९३९ च्या चैत्रात अमळनेरच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजला. म्हणाले, "सुकदेव, मोटेचं चामडं जुनं झालं की कडक होतं ना, तशा यांच्या रक्ताच्या नळ्या झाल्यात. त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकलंय. अंगावर चढलंय ते मांस नाही, पाणी आहे. मीठ बंद करा, नाहीतर जिवाला धोका."

माझी बायको झुंबरबाई नानांचं वेगळं शिजवू लागली. महिन्याभरात सूज उतरली, बसून रात्र काढणारे नाना आडवे होऊन झोपू लागले. पण आमच्याकडे अळणी खातात ते सुतकात. शेजारची भिकुबाई दारातून विचारायची, "कोन मरी गया?" मी मान खाली घालायचो. आजारपणाची कसली आलीय लाज? पण मला वाटायची.

वैशाखात माझ्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत व्याही रुपचंद नानांशेजारी बसले. नानांच्या पानाजवळ निराळी वाटी बघून त्यांनी विचारलं, "नाना, हाई काय शे?"

"अळणी वरन. माले मीठ बंद शे."

"लगीनना घरमा सुतकनं जेवन?" रुपचंद हसले. पाठोपाठ सगळी पंगत हसली.

माझे कान तापले. "नाना थट्टा करतात," असं म्हणत मी ती वाटी उचलली आणि बादलीतलं वरण त्यांच्या पानातल्या गव्हाच्या बट्टीवर ओतलं. वर लोणचं, पापडही वाढला. नानांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मुकाट्यानं बट्टी कुस्करली, खाल्ली आणि व्याह्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आखो वाढ." मी पुन्हा वाढलं. तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं, हे सांगताना आज जीभ जड होते.

लग्नाचे तीन दिवस ते सगळ्यांसारखंच जेवले. चौथ्या दिवशी भिंतीला टेकून धापा टाकू लागले, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर आले, पायांची सूज बघून चिडले. "यांना मीठ कोणी दिलं?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मीच मांगी लिधं. पोर्‍याले ठाऊक नव्हतं."

"खरं का, सुकदेव?"

नाना माझ्याकडे बघत होते. मी "हो" म्हणालो.

दिवस मावळायच्या आत नाना गेले. ते डॉक्टर मला पुढे अमळनेरच्या बाजारात कितीदा तरी भेटले. मी त्यांना खरं सांगितलं नाही.