तात्यांची मागची जागा

गेल्या महिन्यात माझे वडील, तात्या, गेले. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना जीपमधून बारामतीला डॉक्टरांकडे नेलं होतं. पुढची सीट रिकामी असूनही ते नेहमीप्रमाणे मागे जाऊन बसले. नव्वदीच्या घरातला माणूस, पण हट्ट तोच... आणि त्या हट्टाचा मला भारी अभिमान आहे.

या हट्टाचं मूळ पन्नासच्या दशकातलं. संततिनियमन हा शब्द तेव्हा निरवांगीत नुकताच पोचला होता, तोही चेष्टेपुरता. आम्ही दोघी बहिणी झाल्यावर तात्यांनी इंदापूरला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. गावभर बोंब झाली. चार मुलगे असलेले आमचे थोरले चुलते, आबा, अंगणात येऊन कडाडले, "पोरी जातील सासरी. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघशील?"

"हायती त्यांच्याच," तात्या म्हणाले. "रान काय वाढत न्हाय, आबा. वाटण्या करत बसलो तर निस्तं बांधच उरतील. दोघींना शिकवतो, रानात हीर पाडतो." आई आत रडत होती. तिलाही आबांचंच खरं वाटत होतं.

पुढे मी बाराएक वर्षांची झाले आणि एका बाजाराला तात्यांनी बैलगाडीचा कासरा माझ्या हातात दिला. स्वतः मागे वांग्यांच्या पाट्यांजवळ बसले. इंदापूरच्या रस्त्याला लोक थांबून बघायचे, खिदळायचे. "व्हय रं, पोरगी हाकती आन् तू मागं?"

"म्हातारपणी मागंच बसायचं हाय," तात्या म्हणायचे, "आत्तापासनं सवय लावतोय. हाक गं, सुमे!" लाजेनं माझे कान तापायचे, पण मान ताठ व्हायची.

विहीर झाली, रान बागायत झालं, धाकटी शिकून बारामतीत शिक्षिका झाली. माझं सासर काटेवाडी, तरी निरवांगीचं रान मी सोडलं नाही. दोघींनी आईवडिलांचं म्हातारपण सांभाळणं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पायाला भिंगरी लागली होती. आबांचे मुलगे नोकऱ्यांसाठी लांब गेलेले. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा त्यांनाही जीपमधून मीच नेलं. मागे तात्यांशेजारी बसून आबा हळूच म्हणाले, "पोरगी झ्याक हाकती." तात्या नुसते सरकले आणि भावाला ऐसपैस जागा करून दिली.

जीपच्या मागच्या बाकावर तात्यांची घोंगडी अजून घडी करून ठेवलेली आहे. किल्ली फिरवण्याआधी मी आजही वळून विचारते, "बसलात का, तात्या?" "हाक गं, सुमे" ऐकू येईपर्यंत थांबते... मग गाडी काढते.