खारपाटातला एकुलता दगड

मला दगड शोधायचा नाद आहे, हे मी रोह्यात फारसं कुणाला सांगत नाही. कंपनीच्या लॅबमधल्या मुली हसून लोळतील. जिओकॅशिंग म्हणून एक खेळ असतो. कुणीतरी कुठेतरी डबी लपवतं, मोबाइलवर जागेचे आकडे टाकतं आणि बाकीचे ती हुडकत हिंडतात. मला त्या डब्यांत काडीचा रस नाही. मी शोधते ते जुन्या मोजणीचे दगड. त्यांच्यावर बाण कोरलेला असतो आणि कधीकाळी त्यांच्या आधाराने सगळा मुलूख मोजला गेलेला असतो. गागोद्याच्या बाजूला टेकडीवर एक सापडला, तेव्हा त्याच्याशेजारी बसून मी पोळीभाजी खाल्ली. नवऱ्याच्या मते हे लक्षण बरं नाही. तरी सुट्टीच्या दिवशी स्कूटर तोच काढतो, कुरकुरत.

त्या दिवशी आम्ही पेणहून धरमतरच्या खाडीकाठी गेलो. जुन्या नकाशात तिथे एक खूण होती. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून तिथे मातीचा रुंद बांध घातलेला आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खारपाट, म्हणजे खाडी हटवून केलेली शेतजमीन, आणि तिच्यात लोंब्या धरलेला भात. अमावस्या होती, म्हणजे दुपारी उधाण. त्याच्या आत परतायचं ठरलं होतं. दगड लगेच दिसला. बांधाच्या आतल्या बाजूला, पायवाटेच्या कडेला, अर्ध्याहून जास्त चिखलात रुतलेला. वरच्या अंगावर काहीच कोरलेलं नव्हतं. बाण असलाच तर मातीखाली असणार. मी खुरपी काढली, एवढ्यात नवरा म्हणाला, "अगं, हे पाणी कुठून येतंय?"

बांधाच्या पायथ्याशी, शेताच्या बाजूने, गढूळ पाणी बुडबुडत वर येत होतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, बांध पोखरला होता आणि पलीकडे भरती चढत होती. खारं पाणी एकदा आत शिरलं की उभं पीक जातंच, आणि पुढे कित्येक वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. नवरा खाडीच्या अंगाला उतरला. चाचपडून भोक शोधलं, माझी सॅक त्यात कोंबली आणि तिच्यावर पाय रोवून उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं.

"पळ, गावात सांग," तो म्हणाला.

त्याला पोहता येत नाही. मी पळाले.

गावात देवळाच्या ओट्यावर माणसं बसली होती. "बांध फुटतोय, चला लवकर!" मी ओरडले. कुणी हललं नाही. माझ्या डोक्यावर टोपी, गळ्यात जीपीएसचं यंत्र, हातात खुरपी. एकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "मोजनीवाली हाय."

त्यांचंही चुकत नव्हतं, पण ते मला नंतर कळलं. कुठल्याशा प्रकल्पासाठी जमीन मोजायला माणसं यायची आणि गाव त्यांना अडवायचं. मागच्या खेपेला कुणीतरी अशीच 'बांध फुटला' म्हणून आरोळी ठोकली. सगळं गाव खाडीकडे धावलं आणि तेवढ्यात मागे शेतात खुंट्या ठोकून झाल्या. तेव्हापासून मोजणीवाल्यांशी एक शब्द बोलायचा नाही, असं गावाने ठरवलं होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला नुसता संताप आला.

"तुमचा भात बुडतोय आणि तुम्ही तोंडं शिवून बसलाय!" मी किंचाळले. मासे साफ करत बसलेल्या एका बाईने माझ्याकडे पाठ फिरवली. मग मला रडूच फुटलं, आणि खरं सांगते, ते भातासाठी नव्हतं.

"माझा नवरा त्या भोकावर पाय देऊन उभा आहे," मी म्हणाले. "त्याला पोहता येत नाही हो."

कोपऱ्यात बसलेली एक उतारवयाची बाई उठली. तिला सगळे काकी म्हणत होते. "कुठं उभा हाय?"

"पायवाटेवर तो दगड आहे ना, त्याच्या समोर."

"माझं शेत गो ते," ती म्हणाली. मग ओट्याकडे वळून ओरडली, "उठा रे! मोजनी कराया कोन नवऱ्याला घेवन येतो काय?"

घमेली, फावडी, पहारी घेऊन गाव बांधावर धावलं. पाणी नवऱ्याच्या छातीला लागलं होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता. "एवढा वेळ?" तो माझ्यावर खेकसला. भांडण्याइतका जीव शिल्लक आहे हे पाहून मला फार बरं वाटलं. दोघांनी त्याला वर ओढलं. पाय निघाला तशी सॅक आत खेचली गेली आणि शेताच्या अंगाने पाण्याचा लोंढाच सुटला. घमेल्यामागून घमेलं चिखल पडत होता आणि पडल्या पडल्या वाहून जात होता. "जड कायतरी घाला!" कुणीतरी ओरडलं. पण खारपाटात दगड येणार कुठून? कितीही खणा, चिखलच. वाळूच्या गोणी घेऊन टेम्पो निघाला होता, पण तो येईपर्यंत बांध टिकला नसता.

काकीने पायवाटेकडे बोट केलं. "त्यो धोंडा काढा."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, "काकी, मोजनीवाले आले का आपन त्योच दाखवतो. आपली जुनी मोजनी त्याच्यावर हाय, जमीन आपली हाय याचा त्योच पुरावा. त्यो गेला तं उद्या त्यांना काय दाखवायचं?"

"उभा भात दाखव," काकी म्हणाली आणि पहार घेऊन स्वतःच खणायला लागली.

आमच्या नादात एक नियम आहे. दगड सापडला की फोटो काढायचा, त्याला हलवायचं नाही. 'थांबा' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. त्याची मला लाज वाटली आणि मी खुरपी घेऊन काकीच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. दगड वाटला होता त्याहून बराच लांब निघाला. पाच-सहा जणांनी तो लोटत बांधावर चढवला आणि पलीकडे उतरवला. मी खालच्या टोकाला होते, पाण्यात. चिखलाखाली माझ्या बोटांना खाच लागली. तिरपी एक, दुसरी तिला टोकाशी मिळणारी. बाण होता. हातभर अंतरावर होता, तळहाताने एकदा पुसला असता तरी दिसला असता.

"ढकल गो!" वरून काकी ओरडली.

मी ढकलला. दगड भोकाच्या तोंडावर बसला, आणि वरून टाकलेला चिखल पहिल्यांदाच टाकला तिथे राहिला.