वेशीवरचा राघू, पिशवीतली चिंच

आत्याला काचबिंदू. उरलीसुरली नजरही जाणार असं डॉक्टर म्हणाले, त्याच संध्याकाळी तिने फर्मान काढलं, "मले माहेरचा राघू पाह्यचा हाय. उद्याच ने." मग काय, माझं नागपूरला परतणं गेलं खड्ड्यात!

बोरगाव मेघेहून वर्ध्याचा स्टँड, तिथून सेलूची एसटी. बायांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्या आत्याला तेही लागत नाही. सेलूत तर्री-पोहे हाणा, लाजू नका. पुढे गावापर्यंत ऑटो मिळतो.

गावाला जुनी वेस आहे. कमानीच्या कडेला, हात पोचेल इतक्या उंचीवर, चुन्यात घडवलेला राघू. लेक सासरी निघाली की त्याला हात लावूनच वेस ओलांडते. आत्याही तशीच गेली होती. आता त्याच कमानीतून ट्रक, ट्रॅक्टर, फटफट्या धूर ओकत जातात. आमचा ऑटोही हॉर्न मारत तिथूनच घुसला. उतरून राघू पाहिला. तव्याच्या बुडासारखा काळा! चोच कुठली, पंख कुठला, मलाच कळेना.

आत्याने पिशवीतून चिंचेचा गोळा काढला. "पितळेवानी घासते त्याले."

"आजी, थांबा!" कमानीला बांधलेल्या बांबूच्या परांचीवरून एक मुलगी ओरडली. वेशीची डागडुजी करणाऱ्यांपैकी होती. खाली येऊन तिने आत्याचा हात हळूच धरला. "चिंच चुन्याला खाते हो. धुराने आधीच पोखरलाय त्याला. घासलात तर राघूच जाईल."

आत्याचा चेहरा एवढासा झाला. "मंग मी आली काऊन इथं?"

मुलीने तिच्या हातात मऊ, कोरडा ब्रश दिला आणि वरून आपला हात ठेवला. दोघी बराच वेळ हलक्या हाताने फिरवत राहिल्या. काजळी झडून पंखाचा नखाएवढा तुकडा उघडा पडला. तेवढंसं आत्याला कुठलं दिसायला!

"कोणता रंग निघाला वं?"

समोर पांढरंफटक. पण राघू म्हणजे हिरवाच ना! "हिरवा," मी म्हटलं.

निघताना आत्याने ऑटो वेशीबाहेर पाठवला, राघूवर तळवा टेकवला आणि माझा हात धरून पायी वेस ओलांडली. तुम्हीही गेलात तर गाडी बाहेरच ठेवा, चार पावलं चाला. एवढं कराच.

घरी चिंच वरणात गेली. जेवताना आत्या एकदम हसायला लागली. "खोटारडी! आमचा राघू पयलेपासून पांढराच हाय."

मी ओशाळले. "मग तिथे का नाही बोललीस?"

"ते जाऊ दे. पांढरा निघाला ना?"

"हो गं. अगदी दुधासारखा."

"मंग हाय अजून तो," ती म्हणाली आणि भात कालवू लागली.