सगळ्यांची मडकी पहिल्या पानावर

रोह्याजवळच्या वाडीत प्रतिक्षाने पोपटीची वेबसाईट केली, तेव्हा जो तो विचारायचा, "कोणी करून दिली?" अरे, कोण कशाला करून देईल? बाईने स्वतः केली! भाताची झोडणी आटोपल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघत, चुकत, चिडत शिकली. पानांचा तयार साचा फुकट मिळतो, मराठी अक्षरांचे देखणे फॉन्ट फुकट मिळतात, साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्रही फुकट मिळतं. सगळं उघड्यावर पडलेलं आहे. आपल्यासारख्यांना कोणी सांगत नाही, एवढंच.

वाडीतल्या बायकांचा गट थंडीत शेतावर पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, मीठ. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा, की शेंगा आतल्या आत वाफेवर शिजतात. शनिवार-रविवारी शहरातले पाहुणे पैसे मोजून ती खायला येतात. यंदा मात्र फोन यायचे ते वेगळेच. "ताई, तुमचं पान उघडतच नाही हो. आम्ही दुसरीकडे ठरवलं."

शेंगा भरत आल्या होत्या. एकदा निबर झाल्या की पोपटी संपली, आणि बायकांचा हंगामही.

प्रतिक्षाने वेग तपासणारी एक फुकटची साइट उघडली, आपल्या पानाचा पत्ता टाकला. निकाल लालभडक. कारणही तिथेच लिहिलेलं: फोटो फार जड.

जड असणारच. या वाडीत पोपटी उघडली की प्रत्येक घरच्या मडक्यातली मूठभर शेंग प्रत्येकाच्या पत्रावळीवर पडते. कोणाचं मडकं वगळलं तर वर्षभर अबोला. गटाच्या अध्यक्षा बायजाबाईंनी तोच कायदा वेबसाईटला लावला होता: प्रत्येकीचा मडक्यासकट फोटो, तोही पहिल्याच पानावर. प्रतिक्षाने मोबाईलमधले फोटो जसेच्या तसे ओतले होते.

ती ओटीवर बसलेल्या बायजाबाईंना म्हणाली, "काकी, पानावरचे थोडे फोटो काढून टाकावे लागतील."

"कोणाचे?"

"चार-पाच ठेवू. बाकीचे..."

"मालूचा काढशील? जा, तूच सांग तिला. मी नाय जायची. ती कोयता घेऊनच बसल्ये."

गटातली मालू समोरच अंगणात भांबुर्डा कापत होती. तिथूनच ओरडली, "माझं मडकं काय फुटकं हाय काय गो?"

"अगो, पान उघडत नाय म्हणून लोक परत चाललेत!"

"मंग पान दुरुस्त कर. माणसं कशाला काढतेस?"

प्रतिक्षा तणतणत घरात आली. पण मालूचं म्हणणं डोक्यातून जाईना. माणसं न काढता पान हलकं होईल का? शोधता शोधता फोटोचं वजन उतरवणारी साइट सापडली. एका बाजूने फोटो टाका, दुसऱ्या बाजूने हलका होऊन येतो, चेहरा तसाच. तिने पहिला मालूचाच टाकला. मोठा करून पाहिला. नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. मग एकेक करत सगळे. खालचे फोटो पान खाली सरकवल्यावरच उघडतील, अशी सोय साच्यात होतीच. तीही चालू केली. पुन्हा तपासलं. हिरवं!

तरी तिचा विश्वास बसेना. वाडीच्या टोकाला, जिथे रेंज जेमतेम येते, तिथल्या बांधावर जाऊन तिने पान उघडलं. झटकन आलं. ती एकटीच हसली.

आठवडा सरायच्या आत फोन सुरू झाले. कोणी कोलाडला नदीवर राफ्टिंगला येणारे, कोणी पेणहून अख्खं कुटुंब घेऊन. येत्या शनिवार-रविवारी शेतावर जागा उरली नाही. बायजाबाई मोबाईल डोळ्यांजवळ धरून पान खाली सरकवत बसल्या.

"व्हय गो, सगळ्या हायेत. पण माझा तेवढा फोटो बदल. त्या दिवशी मी केस विंचरले नव्हते."

"बदलते, काकी. आधी शेंगा तोडायला चला, पाहुणे यायचेत."

बायजाबाई टोपली घेऊन उठल्या, आणि जाता जाता आधी फणी शोधू लागल्या.