नितीनने स्की घेतली

आमच्या ग्रुपमध्ये कोणाचंही बारसं असो, जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "ते नितीनच्या स्कीचं सांग ना." एक सांगायला घ्यावं तर ऐकणारे मध्ये बोलून आणखी चार आठवून देतात. म्हणून आता मीच सगळे किस्से एकदाचे सांगून टाकतो.

२००४-०५चा सीझन. आम्ही सगळे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला एकाच कंपनीत. मी आणि नितीन रूममेट्स. नितीन नाशिकचा, टेस्टिंगमध्ये. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळायचा, घरी आल्यावर तो फुकट काढायचा. वानखेडे नागपूरचा. व्हॅन त्याची, त्यामुळे वीकेंडला शेवटचा शब्दही त्याचाच. आणि केतकी. ती कोलोरॅडोत एमएस करताना स्कीइंग शिकून आली होती आणि डोंगरावरून अशी उतरायची, की आम्ही पडल्या पडल्या बघत राहायचो. नितीन पडलेला नसतानाही बघायचा. पण तिला काही विचारायची त्याची हिंमत होत नव्हती.

* * *

त्या वर्षी त्याने ठरवलं, भाड्याच्या स्की बास झाल्या, आता स्वतःची घ्यायची. मशीन फिरवून गुळगुळीत केलेल्या उतारावर स्कीच्या कडेवर झुकलं की सुळकन वळणारी हवी. वेगात डगमगायला नको. सकाळच्या कडक बर्फावर पकड हवी आणि दुपारच्या भुसभुशीत बर्फातही अडायला नको. शिवाय दिवसभर चालवून पाय दुखायला नकोत.

वानखेडेने सगळं ऐकून घेतलं. "काय बे, स्की घेऊन राहिला का जावई शोधून राहिला?"

* * *

दुकानातल्या माणसाने नितीनला विचारलं, "स्कीइंग कसं करता?"

"तीन वर्षं."

"किती नाही, कसं?"

नितीन केतकीकडे बघायला लागला. केतकी म्हणाली, "मन लावून."

मग त्या माणसाने एक लाल स्की काढली. म्हणाला, "ही जबरदस्त आहे, पण फर्गिव्हिंग नाही. चूक केलीत की माफ करणार नाही."

"घे बे," वानखेडे म्हणाला. "आपली मॅनेजर तशीच आहे. सवय आहे आपल्याला."

* * *

नितीन असा घेणार थोडाच! डोंगराच्या पायथ्याशी डेमोचं दुकान होतं. एक स्की न्यायची, चालवून बघायची, नाही आवडली तर दुसरी. आमचा अख्खा शनिवार त्यात गेला. दर फेरीला नितीन खाली येऊन बग सांगायचा आणि केतकी दर फेरीला त्याच्यासोबत वर जायची.

"ही डावीकडे वळताना थरथरते."

"ते तुझे गुडघे आहेत," केतकी म्हणाली.

जेवताना तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की तिला अ‍ॅशबर्नची ऑफर आलीय. म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियात. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. मग नितीनकडे बघून तिने विचारलं, "काय करू?"

वानखेडे पोहे खायचा थांबला. मी टेबलाखालून नितीनच्या पायावर पाय मारला, पण त्याच्या पायात स्कीचे बूट, त्याला काय कळणार!

"दोन्हीकडचे प्लस-मायनस बघ," नितीन म्हणाला.

केतकीने उरलेले पोहे डब्यात भरले आणि झाकण जरा जोरात लावलं. मला त्या दिवशी नितीनचा मनापासून राग आला होता.

* * *

पुढच्या आठवड्यात नितीनच्या आईचा नाशिकहून फोन आला. तो पुन्हा दुकानात गेला होता. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, अर्धं लक्ष कामात.

"नितीन कुठाय रे?"

"बघायला गेलाय, काकू. पण बहुतेक ठरलीच."

"अगं बाई! कशी आहे?"

"छान आहे. उंची नितीनच्या हनुवटीपर्यंत. कंबर बारीक. जरा कडक आहे, पण वळते मस्त."

"कुठली?"

"ऑस्ट्रियाची."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग काकू हळूच म्हणाल्या, "चालेल. वरण-भात खाते ना?"

मी स्कीचं समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका पडला, की केतकीचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गिळलं.

* * *

शेवटी शनिवारी नितीनने तीच लाल स्की घेतली. आम्ही चौघंही दुकानात होतो. आता तिच्यावर बूट अडकवायचं बाइंडिंग बसवायचं होतं आणि त्यासाठी स्कीला भोकं पाडावी लागतात, हे नितीनला माहीत नव्हतं.

"एकदा भोकं पाडली की परत घेणार नाही," ड्रिल हातात घेऊन दुकानदार म्हणाला. "शुअर?"

आता नितीनने आजवर तंबू, कॅमेरा, मिक्सर, सगळं वापरून परत केलेलं. तो बूट छातीशी धरून तसाच उभा राहिला. वानखेडे आणि मी हातमोजे बघायला लागलो. वानखेडे तर लहान मुलांचे बघत होता.

नितीन स्कीकडे बघत मराठीत म्हणाला, "केतकी, तू अ‍ॅशबर्नला जाणार असशील तर मला ही नको."

"तिकडेही डोंगर आहेत," केतकी म्हणाली.

"मी डोंगराचं बोलत नाहीये."

दुकानदाराला यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं, "सो, आर वी शुअर?"

केतकीने नितीनच्या हातातले बूट काढून घेतले, काउंटरवर ठेवले आणि त्या माणसाला म्हणाली, "ड्रिल."