तपासणीचं कारण

केंटकीतल्या त्या डोंगराळ गावात लवॉन टॅकेटशी कुणी भांडत नसे. दवाखान्याच्या बिलांच्या खिडकीत तिची उभी हयात गेली होती, आणि कुणाच्या रक्तात काय शोधलं गेलं ते तिला ठाऊक असे. काय सापडलं, ते मात्र तिला कधीच कळत नसे. तिच्याकडे फक्त तपासणीचा कोड यायचा. पण हे गावाला कोण पटवणार? बुधवारी चर्चच्या जेवणात लोक तिला ब्लॅकबेरीच्या केकचा मोठा तुकडा वाढत आणि लांब जाऊन बसत.

जवळ बसे तो एकटा होबार्ट साइझमोर, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला विधुर. उन्हाळाभर तो तिला बागेतले टोमॅटो आणून देत होता, आणि साठी उलटलेली, लग्नाचं राहूनच गेलेली लवॉन आरशासमोर जरा जास्त रेंगाळू लागली होती.

एका सकाळी होबार्टचाच कोड तिच्या पडद्यावर आला. उपदंशाची, म्हणजे त्या गुप्तरोगाची, रक्ततपासणी. पूर्वी या रोगाच्या दोन तपासण्या वेगवेगळ्या होत आणि दोन कोड लागत. आता नवं यंत्र एकाच रक्तात दोन्ही बघतं, म्हणून एकच जोडकोड. विमा कंपनीने तो परत पाठवला होता, तपासणीचं कारण लिहिलेलं नाही म्हणून. डॉक्टरांनी ‘रोग्याने स्वतः मागितली’ एवढंच खरडलं होतं.

लवॉनच्या डोक्यात कारण लगेच तयार झालं. हा दर शनिवारी लेक्सिंग्टनला जातो, बहिणीला भेटायला म्हणे! टोमॅटो तिने कचऱ्यात टाकले. बुधवारी ती मुद्दाम पाद्र्यांच्या बायकोशेजारी जाऊन बसली, तर त्या बिचारीच्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी होबार्टला खिडकीवर बोलवावंच लागलं.

“मिस्टर साइझमोर, ही तपासणी कशासाठी केलीत?”

“परवापरवापर्यंत मी होबार्ट होतो.”

“कारण सांगा. कंपनीला हवंय.”

“लग्नासाठी.”

म्हणजे लेक्सिंग्टनवालीशी लग्नही ठरलं होतं. “अभिनंदन,” लवॉन म्हणाली. इतक्या जिवावर येऊन तिने कधी कुणाचं अभिनंदन केलं नव्हतं.

“अगं, तिला अजून विचारलंय कुठे? म्हटलं, आधी रक्तात हा रोग नसल्याचा दाखला घ्यावा. त्याशिवाय कोर्टात लग्नाचा परवाना मिळत नाही. रूबीशी लग्न केलं तेव्हा त्याच्यापायी हेलपाटे घातलेत मी.”

“कुठल्या जमान्यात आहेस तू? ती अट कधीच काढून टाकली.”

“होय का?” होबार्टने दंड चोळला. “मग उगाच टोचून घेतलं म्हणायचं.” त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून आत सरकवला. “आता आणलाच आहे तर बघ.”

“निकाल बघायची मला परवानगी नाही.”

“दवाखान्याची म्हणून नको बघू. जिला विचारायचंय ती म्हणून बघ.”

लवॉनने चष्मा काढून पुसला, कारण त्याशिवाय काही दिसेना. मग कुणाच्या रक्तात काय सापडलं ते तिने जन्मात पहिल्यांदा वाचलं. काहीच सापडलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की मागे ताटकळलेल्या रांगेकडे बघूनही ती हसली, आणि रांग घाबरली.

रिकाम्या रकान्यात तिने ‘लग्न’ असं लिहिलं आणि दावा पुन्हा पाठवला. कंपनीचं उत्तर आलं ते दोघांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी: हे कारण पुरेसं नाही.